पॉलिशसारखा वास

परवा लोणावळ्यात मेहुण्याकडे शेरीच्या पिंपात मुरलेली सिंगल माल्ट व्हिस्की चाखली. "आधी वास घ्या," तो म्हणाला. मनुका, जुनं लाकूड आणि मागून स्पिरिटचा झणका. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात हाच वास मला फर्निचरच्या पॉलिशचा वाटला होता.

आंदर मावळात सासुरवाडीला गेलो होतो. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, खास जावयासाठी राखलेली पाण्याची बाटली काढली. पवनेकाठच्या बंगल्यावर राखणदार असलेल्या पुतण्याने मालकाची उरलेली दारू तीत भरून दिली होती. आबांनी पाऊण पेला संपवला, मी दोन चमचेभर घेतली, आणि मला आठवलं की त्या बंगल्यात सुतारकाम चालू होतं. पुतण्याने चुकून पॉलिशचा डबा ओतला असेल तर? त्या स्पिरिटने डोळे जातात, तेही काही तासांनी. पुतण्याचा फोन लागेना आणि शेवटची एसटी गेली होती.

"आबा, गोठ्यात बैल किती?"

"दोन. तुमाला किती दिसत्यात?"

मी पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. आबा हसायचे, पण न कंटाळता सांगायचे. शिंगं दिसतात, वेसण दिसते, कपाळावरचा चांदही दिसतो.

मग एकदा म्हणाले, "आता न्हाई दिसत."

मी त्यांचा हात घट्ट धरला.

"अंधार पडलाय, पाव्हणं," आबा म्हणाले. "तुमालाबी दिसत नसंल."

मी गोठ्याकडे पाहिलं. मलाही बैल दिसत नव्हते.