निळ्या डोळ्याचा मोर

कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला सोलापुरातलं एका चित्रकाराचं घर आठवतं; त्याचं संग्रहालय केलंय. माझं नवंच लग्न झालं होतं, म्हणून सासऱ्यांना ते दाखवायला नेलं, वडीलही सोबत होते. वडील हातमागावर मजुरीनं विणायचे, पण सासऱ्यांना मी 'कापडाचा धंदा' एवढंच सांगितलं होतं. आतल्या उकडणाऱ्या खोलीत मोर विणलेला पडदा टांगला होता, कसर लागू नये म्हणून खाली त्याच गोळ्या ठेवलेल्या. माहिती सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, "मोराचा डोळा निळा का? तर ते चित्रकाराचं स्वप्न आहे." वडिलांना हसू आवरेना. "कशाचं सपान, बाई? काळं सूत संपलं, म्हणून निळं भरलं की. चित्र साहेबांचं, इनलं मी." सासरे माझ्याकडं वळले, "जावईबापू, खरं का हो?" ती निळ्या सुताची कांडी लहानपणी शाळेतून आल्यावर मीच भरून दिली होती. तरी म्हणालो, "वय झालंय त्यांचं, काहीही बोलतात." वडिलांनी माझ्याकडं पाहिलं, आणि बाईंना म्हणाले, "व्हय, दुसरा मोर आसंल तो." पुढं त्यांनी कधी तो विषय काढला नाही, आणि आता ते नाहीत. परवा माझ्या मुलीच्या शाळेची सहल तिथं जाऊन आली. तिनं वहीत लिहिलं होतं, 'निळा डोळा हे चित्रकाराचं स्वप्न आहे.' खाली पालकांची सही हवी होती. मी दमून आलो होतो, केली.