आजोबांच्या लेन्सचा पाळणा

तुमच्या खोलीत भिंतीवर जो काळा-पांढरा खंड्या आहे, चोच खाली आणि पंख वर, त्याच्याबद्दल तुम्ही परवा फोनवर विचारलंत, "आजी, हा फोटो आजोबांनी काढला की विकत आणला?" हा प्रश्न मी आजोबांच्या कानावर घातलेला नाही. घातला असता तर ते दोन दिवस फक्त ताक पिऊन राहिले असते. म्हणून उत्तर मीच देते, आणि पहिल्यापासून देते.

आजोबा निवृत्त झाले त्या वर्षी तुमच्या बाबांनी तिकडून येताना त्यांना एक लेन्स आणली. पांढरी, हातभर लांब आणि वजनाला नुकत्या जन्मलेल्या बाळाएवढी. आजोबा ती दोन्ही हातांनी उचलत आणि टेबलावर ठेवताना खाली पंचा अंथरत. रोज सकाळी रंकाळ्यावर जाऊन पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबणाऱ्या आणि मग दगडासारख्या खाली पडणाऱ्या खंड्याचा फोटो काढायचा, एवढाच त्यांचा निवृत्तीनंतरचा बेत होता. काठावर म्हशी धुणारे लोक त्यांच्याभोवती जमत.

"पावणं, दुर्बीण हाय व्हय?"

"नाही हो, कॅमेरा आहे."

"मग एवढा लांब कशापायी? पल्याडच्या म्हशीचा काढायचा असंल तर सांगा की, हिकडं हाकून आणतो."

महिनाभरात आजोबांचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. हरकत नाही म्हणून ट्रायपॉड आणला, पण त्याच्या डोक्यावर लेन्स धरायला होतं गोळ्यावर फिरणारं हेड. पेच आवळला की लेन्स हलत नसे, आणि सैल केला की कीर्तनात पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखी एकदम मान टाकत असे. खंड्या काही आजोबांनी पेच आवळेपर्यंत हवेत थांबत नव्हता.

अशा लांब लेन्सला गिंबल हेड लागतं, हे मी सायबर कॅफेत बसून वाचलं. इंग्रजी वाचायचं काम आमच्या घरात माझंच. गिंबल म्हणजे खरं तर पाळणा. एक उभा हात, त्याला लटकलेली बैठक आणि बैठकीत लेन्स. लेन्स पुढेमागे सरकवून तोल साधला की ती एका बोटाने फिरते, आणि बोट काढलं की जिथे असेल तिथेच थांबते. पण चांगल्या गिंबलची किंमत पाहिली आणि मी कॅफेवाल्याला पंखा वाढवायला सांगितलं. तेवढ्यात एक दुभती म्हैस आली असती.

तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, मी पाठवतो."

आजोबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "लेन्स तुझी, पाळणाही तुझाच? मग मी कोण, बाळ? माझ्या पेन्शनीत बसेल असं काही मिळालं तर ठीक. नाही तर दिवाळीत येशील तेव्हा लेन्स परत घेऊन जा. घरात शोभेची वस्तू नको."

हे ते हसत म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रंकाळ्यावर जाणं बंद केलं आणि सकाळचा पेपर निविदा सूचनांपर्यंत वाचू लागले. निविदा वाचणारा माणूस बरा नसतो, हे मला ठाऊक होतं. तेव्हा दिवाळीच्या आत पाळणा मिळवायचा, असं मी ठरवलं.

आजोबांचे एक शाळासोबती उद्यमनगरात ओतकामाचा कारखाना चालवायचे. त्यांना हे कळलं आणि ते चिडलेच.

"वहिनी, कोल्हापुरात राहून लोखंडाची वस्तू इकत आणायची? लोक तोंडात शेण घालतील. चित्र दावा, पंधरा दिवसांत करून देतो."

मी चित्र छापून दिलं. इथे एक सांगायला हवं. आपल्या गावात वस्तू कशी झाली आहे, हे विचारलं तर कुणी सुंदर झाली किंवा हलकी झाली असं सांगत नाही, 'दणकट झाली' असं सांगतात. उसाचा चरक असो, मोटेचं चाक असो की जिलबीची झारी, दणकट पाहिजे. त्या मापाने पाहिलं तर आमचा गिंबल फारच उत्तम झाला. तो आमच्या अंगणात दोन माणसांनी धरून आणला.

"हत्ती बांधला तरी हलायचं न्हाय!" मित्र म्हणाले.

"अरे, मला हत्ती बांधायचा नाही," आजोबा म्हणाले, "खंड्या टिपायचाय."

"खंड्या तर खंड्या. त्योबी हलायचा न्हाय."

गिंबल ट्रायपॉडवर चढवला. ट्रायपॉडचे पाय हळूहळू फाकायला लागले, तालमीतल्या नवख्या पोरासारखे. तिन्ही पायांखाली विटा लावल्या तेव्हा ते थांबले. मग मित्रांनी बैठकीला एक धक्का दिला आणि ती कशी झोके घेते ते दाखवू लागले.

त्यांच्याबरोबर गाडीतून त्यांची आईही आली होती, तिला सगळे अव्वा म्हणत. दोघं नृसिंहवाडीहून दर्शन करून परस्पर आमच्याकडे आले होते. अव्वांचं माहेर निपाणीकडचं, घरात निम्मं कन्नड. आत चहा घेत होत्या, त्या पदर खोचत बाहेर आल्या.

"अय्य शिवशिवा! रिकामा पाळणा हलवतोस व्हय रं? एवढा बाप्या झालास, अक्कल न्हाय?"

"अव्वा, ह्यो पाळणा न्हवं, कॅमेऱ्याचा..."

"आत्ता आत चहा देताना तुझी वहिनीच म्हणाली की पाळणा हाय. थांबव आधी. आत काय तरी ठेव."

आजोबा लेन्स आणायला उठले. अव्वांनी त्यांनाही बसवलं. "बाळ एकदम ठेवत्यात व्हय? आधी वरवंटा."

तुम्हा दोघांना तुमचं बारसं आठवणार नाही. आपल्याकडे नाव ठेवायच्या आधी वरवंट्याला कुंची घालून, बाळासारखा नटवून पाळण्याखालून-वरून फिरवतात आणि मग खऱ्या बाळाला पाळण्यात घालतात. तुमच्या बाबांच्या बारशाला वापरलेला वरवंटा स्वयंपाकघरात होताच. मी तो आणला. आजोबांनी लेन्सच्या पायाची, म्हणजे हेडच्या खाचेत बसणारी, पट्टी सोडवून आणली आणि वरवंट्याला सायकलच्या ट्यूबने करकचून बांधली. वजन जवळजवळ लेन्सएवढंच भरत होतं. पट्टी बैठकीच्या खाचेत सरकवली. मित्रांनी बोटाने वरवंटा वर केला, खाली केला, डावीकडे नेला. लोण्यासारखा फिरला. आजोबांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

मग वरवंट्याने तोंड खाली केलं आणि पट्टीसकट खाचेतून सरळ सरकत बाहेर पडला. अंगणातली शहाबादी फरशी मधोमध फुटली.

झालं असं होतं की मूळ गिंबलच्या खाचेच्या टोकाला एक बारीकसा अडथळा असतो. पेच सैल राहिला तरी पट्टी निसटू नये म्हणून. मित्रांना तो काडीएवढा तुकडा नाजूक वाटला. दणकट वस्तूला नाजूक तुकडा कशाला, म्हणून त्यांनी तो गाळला होता.

अव्वांनी फरशीकडे पाहिलं, वरवंट्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाळ वाचलं की."

मित्र बिचारे दुसऱ्या दिवशी फरशी घेऊन आले. पण आजोबांनी लेन्स तिच्या डब्यात घातली आणि डबा कपाटात वर ठेवला. "आता कुठल्याही पाळण्यात ती बसणार नाही," म्हणाले. दिवाळी तोंडावर होती. ते पुन्हा निविदांकडे वळले.

म्हणून मी एक दिवस भाजीला जाते असं सांगून, वरवंटा पट्टीसकट पिशवीत घालून, राजारामपुरीतल्या फोटोच्या दुकानात गेले. दुकानदाराने नवीन गिंबल मागवले आहेत, असं मला फोनवर कळलं होतं. मी काचेच्या काउंटरवर रुमाल अंथरला आणि त्यावर वरवंटा ठेवला.

दुकानदार तरुण होता, आदबशीर होता.

"काकू, मिक्सर दुरुस्तीचं दुकान पलीकडं हाय."

"ही आमची लेन्स समजा," मी म्हटलं, "आणि हिला पाळणे दाखवा."

त्याने तीन दाखवले. पहिला परदेशी, त्याच म्हशीच्या किमतीचा. वरवंटा त्यात राजासारखा फिरला. मी तो लगेच उतरवला, उगाच सवय नको. दुसरा स्वस्तातला अर्धा गिंबल, म्हणजे जुन्या गोळ्याच्याच हेडवर आडवा बसवायचा. त्यात वरवंटा एका कुशीवर लटकायचा आणि गोळ्याचा पेच जरा सैल झाला की सगळं लवाजम्यासह कलायचं. म्हणजे जुनं दुखणं तसंच, वर नवा खर्च. तिसरा बिननावाचा, ॲल्युमिनियमचा, पण आजोबांच्या पेन्शनीत बसणारा. रंग ओबडधोबड आणि आडवा फिरताना किंचित जड. पण बैठक वरखाली करता येत होती आणि खाचेच्या टोकाला तो बारीक अडथळा होता. मी मुद्दाम पेच सैल सोडला आणि वरवंट्याचं तोंड खाली केलं. दुकानदाराने दोन्ही हात काचेवर पसरले. पट्टी सरकली, अडथळ्याला टेकली आणि थांबली. मग तोल साधून मी वरवंटा तिरपा केला, बोट काढलं. तो तसाच तिरपा, आकाशाकडे बघत राहिला.

"हा द्या," मी म्हटलं.

"काकू, लेन्सवर बघितलं असतं तर..."

"लेन्स घाबरली आहे."

घरी आल्यावर मी आजोबांना काही सांगितलं नाही. ट्रायपॉडवर पाळणा चढवला, त्यात वरवंटा घातला आणि पेपर वाचणाऱ्या आजोबांच्या समोर ठेवून भाजी निवडायला बसले. निविदा संपल्यावर त्यांनी मान वर केली. एका बोटाने वरवंटा ढकलला. सोडला. पुन्हा ढकलला. पेच सैल करून तोंड खाली केलं, तेव्हा त्यांचा दुसरा हात आपोआप खाली ओंजळीसारखा गेला. वरवंटा पडला नाही. मेथीची जुडी संपेपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं. मग ते स्टूल घेऊन कपाटाकडे गेले.

"अहो, खांदा!" मी ओरडले आणि डबा मीच काढून दिला.

दिवाळीत तुमचे बाबा पहाटेच्या गाडीने आले, तेव्हा दार मी उघडलं. "बाबा कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. आजोबा रंकाळ्यावर होते. तोवर त्यांच्याकडे खंड्याच्या शेपटीचे भरपूर फोटो जमले होते, आणि एका सकाळी चोचही आली होती. तोच तुमच्या भिंतीवर आहे. तुमच्या बाबांनी लेन्स परत नेण्यासाठी बॅगेत लेन्सच्या डब्याएवढी जागा रिकामी ठेवली होती. तिथे मी चिवडा भरून दिला.

उद्यमनगरचा गिंबल अजून अंगणात आहे. त्याच्यावर मी तुळशीची कुंडी ठेवली आहे. हत्ती बांधला तरी हलणार नाही.