बॅटरी असन जी

आमच्या गोंदियाकडं मोठ्या माणसाशी बोलताना वाक्याच्या शेवटी 'जी' लागतं. हो जी, नाही जी, येतो जी. नगरला येऊन नऊ वर्षं झाली, बोलणं बरंच इकडचं झालं, पण घाबरलो की 'असेल'चं 'असन' होतं आणि ते 'जी' तोंडात येतंच. त्या दसऱ्याच्या सकाळीही आलं.

मी सातवीतून शाळा सोडली. बोअरवेलच्या गाडीवर फिरत फिरत या जिल्ह्यात आलो, मग एमआयडीसीत टेम्पो चालवला. मालकानं टेम्पो विकला तेव्हा दोन महिने नुसता बसून होतो. गावी जायला तोंड नव्हतं. अशात सरांनी मला ठेवून घेतलं. सर म्हणजे रिटायर झालेले हेडमास्तर. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं आणि त्यांच्या मुलीनं तर नवीकोरी गाडी दारात आणून उभी केली होती. मला त्यांनी कोणाची चिठ्ठी मागितली नाही, किती शिकलास विचारलं नाही. राहुरीपर्यंत नेऊन आण म्हणाले. वाटेत त्यांना डुलकी लागली. परत आल्यावर बायकोला, म्हणजे काकूंना, म्हणाले, "माझा डोळा लागला, म्हणजे हा पास."

काकूंनी मागची खोली दिली. जेवायला बोलावताना त्या "ड्रायव्हर" म्हणत नसत, "चल रे, पानं घेतलीत" म्हणत. मला ते सगळं इतकं मोठं वाटे की सतत धास्ती असायची. आपल्या हातून काही बिघडेल आणि हे जाईल. गाडीला कुठं बारीकशी रेघ दिसली तरी मी ती बोटानं घासून घासून बघायचो.

गाडी येऊन चार महिने झाले होते. तिला चावी फिरवायची नव्हतीच. काळी चपटी डबी खिशात ठेवायची आणि आत बसून बटण दाबायचं. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो, तशी मी गाडी पुजायची ठरवली. गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. काकूंनी देवघरात विळी, कात्री, सरांचं पेन असं सगळं पाटावर मांडलं होतं. म्हणाल्या, "चावीपण ठेव. हळदकुंकू वाहा, झालं." त्या स्वयंपाकघरात गेल्या. मला नुसतं हळदकुंकू कमी वाटलं. ज्या गाडीनं मला घर दिलं तिची पूजा अशी वरवरची कशी करायची? शेजारी ताम्हण होतं आणि वाटीत पंचामृत. मी डबी ताम्हणात ठेवली आणि देवाला घालतात तशी तिला आंघोळ घातली. वरून पाणी घातलं, पुसली, फूल वाहून पाटावर ठेवली. हे कोणाला सांगण्यासारखं वाटलंच नाही. आपली श्रद्धा.

दुसऱ्या दिवशी दसरा. दर दसऱ्याला सर राहात्याला त्यांच्या मोठ्या बहिणीकडं सोनं द्यायला जात. आक्का त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, आई लवकर गेली म्हणून तिनंच सरांना वाढवलेलं. ती त्या घरात एकटी राहायची आणि अलीकडं विसरायला लागली होती. गॅस चालू ठेवून देवळात जाऊन बसायची. म्हणून तिचा मुलगा तिला कायमचं इंदूरला घेऊन चालला होता. दसऱ्याला मुहूर्त बघावा लागत नाही, तर त्यानं तोच दिवस धरला. अकरा वाजता निघणार होते. सर आदल्या दिवशी मला म्हणाले होते, "साडेआठला गाडी काढ. ती तिच्या घरात आहे तोवर मला ओळखते. नव्या जागी गेल्यावर काय होईल सांगता येत नाही."

सकाळी सव्वाआठला मी डबीचं बटण दाबलं. गाडी उघडली नाही. पुन्हा दाबलं. डबीच्या पोटात एक बारीक लोखंडी चावी असते, ती काढून दार उघडलं, बसलो, ब्रेक दाबून स्टार्टचं बटण दाबलं. इंजिन हूं नाही की चूं नाही. स्टेअरिंगमागच्या स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी आलं आणि शेजारी चावीचं चित्र, त्याच्यावर आडवी रेघ.

पुढं कितीतरी दिवस मी मनाला सांगत होतो की मला इंग्रजी येत नाही म्हणून कळलं नाही. पण चावीचं चित्र ओळखायला सातवी पुष्कळ झाली. मला कळलं होतं. दुसरी चावी काकूंच्या कपाटात आहे हेही माहीत होतं, त्यांनी ती माझ्यासमोरच ठेवली होती. पण दुसरी मागायची तर पहिलीला काय झालं ते सांगावं लागणार होतं.

सर धोतर नेसून, हातात आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन बाहेर आले.

"काय ड्रायव्हरसाहेब, घोडं कुठं अडलं?"

"चालू होत नाही जी."

"काय लिहून येतंय बघ." त्यांचा चष्मा आतच होता.

मी समोर बघितलं. चावीचं चित्र तसंच होतं.

"बॅटरी असन जी," मी म्हणालो.

"चार महिन्यांत बॅटरी?" काकू दारातून म्हणाल्या. "अहो, टॅक्सी सांगा ना."

"पंधरा मिनिटांत होते काकू," मी म्हणालो. टॅक्सी आली तर माझं काय काम, हे त्यावेळी मनात आलं. ते आठवलं की आजही कान गरम होतात.

सरांची जुनी स्कूटर घेऊन मी गॅरेज शोधत फिरलो. सगळ्या शटरांना हार घातलेले. एक मेकॅनिक भेटला, नवा शर्ट घालून दुकानासमोर रांगोळीला जपत उभा.

"आज न्हाई जमायचं भाऊ. हत्यारं पूजेला बसलीत. पान्ह्याला हात लावला तर आमचा म्हातारा घरात घ्यायचा न्हाई."

"नुसतं बघायला या."

"नवी गाडी हाय ना? मग शोरूमवाल्याला धरा की. नव्या गाडीला माझ्यासारखा जुना मानूस कशाला?"

मी हात जोडले. "म्हाताऱ्या माणसाला बहिणीकडं जायचंय हो." ते खरंच होतं. तो जरा थांबला, म्हणाला, "बरं. हात न लावता बघतो. पूजा उरकू द्या."

पूजेला पाऊण तास लागला. इकडं सरांनी राहात्याला फोन केला होता. भाचा म्हणाला, मामा, साडेअकरापर्यंत थांबतो, पुढं रस्ता लांबचा आहे, उद्या मला ड्यूटी आहे. सर ओट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. माझ्यावर एकदाही चिडले नाहीत. उलट म्हणाले, "घाम पूस आधी."

मेकॅनिक आला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. तो आत बसला, दिवे लावून बघितले, हॉर्न वाजवला.

"बॅटरी मेलीय म्हनलं कोन? हॉर्न तर लग्नाच्या वरातीगत वाजतोय." मग त्यानं समोर बघितलं. "अहो, ही चावी मागतीय. आना इकडं."

मी डबी दिली. त्यानं ती उघडली, नाकाजवळ नेली आणि माझ्याकडं बघितलं.

"ह्याला दह्याचा वास कसा काय येतोय?"

काकू एकदम आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि दुसरी चावी घेऊन आल्या. गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली. मेकॅनिक हसत म्हणाला, "चला, हत्याराला हात न लावता काम झालं. लई पुन्य लागलं आज." दोन मिनिटांचं काम होतं.

सणाच्या गर्दीतून राहात्याला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. फाटकाला कुलूप. शेजारच्या शेतकरी कुटुंबातल्या बाई पदर सावरत बाहेर आल्या.

"बारापर्यंत थांबलं हुतं आक्कांचं लेकरू. आक्का दोनदा फाटकापाशी आल्या. गाडीत बसेनातच. माझा धाकटा यायचा हाय म्हनत हुत्या."

सरांनी पिशवीतून आपट्याची पानं काढली, फाटकाच्या आत उंबऱ्याच्या दिशेनं हात लांब करून ठेवायला गेले. हात पोचेना. मग त्यांनी ती त्या बाईंच्या हातात दिली आणि त्यांना नमस्कार केला. बाई गडबडून मागं सरकल्या.

परत येताना कोल्हारच्या पुढं मी गाडी बाजूला घेतली आणि सगळं सांगितलं. पंचामृत, चित्र, कपाटातली चावी, टॅक्सी. बोलताना प्रत्येक वाक्याला 'जी' येत होतं. सर खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉलीकडं बघत होते.

"सकाळी सांगितलं असतंस तर मी रागावलो असतो," ते म्हणाले. "दहा मिनिटं. मग आपण निघालो असतो."

एवढंच. पुढं कधी त्यांनी विषय काढला नाही. मी सामान बांधून ठेवलं होतं, ते काकूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "कपडे धुवायचे असतील तर दोरी मोकळी आहे." त्यांना कळलं नसेल असं मी समजत नाही.

इंदूरला जायचं दिवाळीपासून ठरत होतं. सरांचा गुडघा, मग काकूंचा ताप, मग थंडी. शेवटी माघात मी दोघांना घेऊन गेलो. आक्का खिडकीजवळ खुर्चीत बसली होती, अगदी लहान दिसत होती. सरांनी पायांवर डोकं ठेवलं. तिनं त्यांना नीट निरखून बघितलं आणि पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाली, "बसा. माझा धाकटा यायचाय नगरहून. गाडी बंद पडलीय त्याची, म्हणून उशीर होतोय."

सर तिच्या पायांशी जमिनीवरच बसले. "हो, येईल," म्हणाले.

मी पिशव्या आत ठेवल्या आणि जिन्यात येऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं काकू चहा घ्यायला बोलवायला आल्या. मला त्या खोलीत परत जाववलं नाही.