किझाया मावशीचं घड्याळ

रेल्वे आमच्या गावापासून दोन मैल लांबून गेली, तेव्हा गावानं ठरवलं की आपणच रुळांपाशी जायचं, घरांसकट. आयोवातल्या त्या माळावर अशी गावं हलायची, पण घरं मोडून, फळ्या गाड्यांत भरून. होझिया बर्डसॉल हा अबोल सुतार म्हणाला, आहे तसं उचलून नेतो. पहिलं घर त्यानं स्वतःचंच घेतलं. त्यात त्याची आंधळी मावशी किझाया राहायची. तिनं बाहेर पडायला साफ नकार दिला.

"तुझ्या भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ बंद न पडता पोचलं," गिरणीवाला लेम्युएल गॉस म्हणाला, "तर माझं घर हलवायचं काम तुला. माझ्यामागून सगळं गाव येईल. पडलं बंद, तर खिडक्या-दारंच दुरुस्त करत बस."

मी तेव्हा शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. रोज मुलांना घेऊन घराच्या कडेनं चालायचे. पुढे एक घोडा उभ्या रहाटाभोवती फिरे, दोर गुंडाळला जाई आणि ओंडक्यांवरून घर गवतातून सरके. ढग सरकतो तसं, बघताना कळत नसे. धुराड्यातून धूर निघत असायचा. खिडकीतून पावाचा वास यायचा.

"आता कुठं आलो रे?" मावशी आतून विचारायची.

"गॉसच्या शेतापाशी, मावशी," होझिया म्हणाला.

"वाटलंच. डुकरांचा वास येतोय."

चौथ्या दिवशी दुपारी एक ओंडका बिळात खचला. घर एका अंगाला कललं, थांबलं, मग सरळ झालं. आतून फक्त मावशीची पावलं ऐकू आली.

रुळांपाशी पोचल्यावर गॉसनं दारातूनच खिशातलं घड्याळ काढून ताडून पाहिलं. भिंतीवरचं तीन मिनिटं मागे होतं, पण चालू होतं.

होझिया जवळ गेला. पितळी लंबकावर पिठाची दोन बोटं उमटली होती.

"बंद पडलं होतं," तो म्हणाला. "मावशीनं चालू केलंय."

"गाढवा," मावशी कणीक मळता मळता म्हणाली, "तुला कुणी विचारलं होतं?"

गॉसनं घड्याळ खिशात टाकलं. "माझ्या घराला किती दिवस लागतील?"

"आधी आठवडाभर बिळं शोधीन. मग सांगतो."

"सोमवारी ये."

जुन्या जागेवरून एकतीस घरं आली. मग नवी घरं, चर्च, मी पुढे चाळीस वर्षं शिकवलं ती शाळा, शेवटी न्यायालयाची विटांची इमारतही होझियानंच उभारली. 'बर्डसॉल आणि मंडळी'कडे साठ माणसं झाली. कचेरीत तेच घड्याळ होतं, तीन मिनिटं मागे. कुणी ते पुढे केलं नाही. काम सुरू करताना सगळे तीन मिनिटं थांबत आणि एकजण खाली बिळं नाहीत ना हे बघायला लोखंडी सळईनं जमीन टोचून येई.

होझिया गेला त्या सकाळी सहा जणांनी त्याच्या शवपेटीला हात घातला आणि तसेच थांबले. म्हातारा मुकादम सळई घेऊन दारापासून रस्त्यापर्यंत जमीन टोचत गेला. परत येऊन त्यानं मान डोलावली. मग त्यांनी पेटी उचलली, अगदी हळू, आतल्या कुणाची झोप मोडू नये तशी.