बसून खेळायचा व्हॉलीबॉल

बारा वर्षांची होईपर्यंत मी अप्पांच्या पाठीवर बसून शाळेला गेले. वारणानगरला कामगारांच्या वसाहतीत आमच्या दोन खोल्या दुसऱ्या मजल्यावर होत्या. अप्पा कारखान्यात फिटर. ते मला खाली उतरवायचे, सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत सोडायचे आणि मग कामावर जायचे. पोलिओनं पाय गेले तेव्हा मी दीड वर्षाची होते. चालल्याची आठवणच नव्हती, त्यामुळं त्याचं दुःखही नव्हतं. सातवीत मी शहाणी झाले, न्हाण आलं, आणि आई म्हणाली, "आता बास. एवढी थोराड पोरगी बापाच्या पाठीवर बरी दिसत न्हाय."

तिथून पुढची आठ वर्षं मी वरच राहिले.

दहावी बाहेरून दिली. परीक्षेला, चौदा एप्रिलच्या जयंतीला आणि मिरजेच्या दवाखान्यात जायला तेवढी खाली उतरले. तेही अप्पा आणि शेजारचे कोणीतरी मिळून मला खुर्चीसकट उचलून न्यायचे. बाकी दिवस गॅलरी. गजांतून समोरचं मैदान दिसायचं. कारखान्याची पाळी सुटल्याचा भोंगा झाला की पोरं मैदानात यायची, आणि कुठला पोरगा चेंडू कधी सोडणार हे मला वरून आधीच कळायचं. सांगणार कुणाला?

घरात मी बसल्या बसल्या सरकायचे. दोन्ही तळहात टेकायचे, बूड उचलायचं, पुढं टाकायचं. इतकी सवय झाली होती की आई उभ्यानं पोचायच्या आत मी चुलीपाशी असायचे. पण हे कुणी बघितलेलं आईला चालायचं नाही. पावणं आलं की मी स्वयंपाकघरात जायचं आणि ते जाईपर्यंत तिथंच थांबायचं. एकदा कुरुंदवाडचे नातेवाईक दुपारी आले ते दिवेलागणीपर्यंत हलले नाहीत. संडासला जायची वाट बाहेरच्या खोलीतून. मी चार तास दम धरला. शेवटी मोरीत बसले, आणि आवाज होऊ नये म्हणून तांब्या भिंतीला टेकवून थोडं थोडं पाणी ओतलं. बाहेर कुणीतरी माझी चौकशी केली. आई म्हणाली, "झोपलीया."

मी वीस वर्षांची असताना खालच्या मजल्यावर एक बाई राहायला आल्या. शाळेत खेळाच्या शिक्षिका, तिशीच्या आतल्या. एका सकाळी विरजण मागायला वर आल्या तेव्हा दूध उतू चाललं होतं. मी बाहेरच्या खोलीतून सरकत गेले आणि भांडं उतरवलं. मागं वळून बघते तर बाई दारात उभ्या.

"परत एकदा जाऊन दाखव बघू," त्या म्हणाल्या.

आईचा चेहरा उतरला. "पोरगी काय तमाशातली हाय व्हय?"

"तसं न्हाय मावशी. रागावू नका." बाई खाली बसल्या आणि त्यांनी सांगितलं. एका शिबिरात त्यांनी बसून खेळायचा व्हॉलीबॉल बघितला होता. नेट खाली बांधायचं, सगळ्यांनी जमिनीवर बसायचं, चेंडू मारताना बूड टेकलेलं पाहिजे. ज्यांना चालता येतं त्यांनीही बसायचं. वसाहतीमागच्या विहाराचा हॉल रविवारी वंदना झाल्यावर मोकळा असतो, तिथं त्यांना हे सुरू करायचं होतं. त्या म्हणाल्या, "असं सरकायला आमच्या धडधाकट पोरींना महिना लागंल."

आई नाही म्हणाली. पुढच्या रविवारीही नाही, आणि त्याच्या पुढच्याही. अप्पा उठून सायकल पुसायला खाली जायचे. मी जेवण टाकून बघितलं, रडून बघितलं. आईचं एकच, "तुला रोज कोण उचलणार? आन् लोकं काय म्हणत्याल?" पहिल्या प्रश्नापाशी मी हरायचे.

एका रविवारी आई दळण आणायला गेली. मी उंबऱ्याबाहेर आले. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले आणि खालच्या पायरीवर हात टेकले. मग बूड खाली टाकलं. मग पाय हातानं उचलून खाली घेतले. दुसरी पायरी. तिसरी. घरात जे करत होते तेच, फक्त खालच्या दिशेनं. पहिल्या मजल्यावर आले तेव्हा दारं उघडली होती आणि बायका बघत होत्या. एक म्हणाली, "आगं, थांब की, कुणाला तरी बोलावते." मी थांबले नाही. शेवटच्या पायरीवर पोचले तेव्हा तळहात सोलले होते, आणि आई दळणाचा डबा डोक्यावर घेऊन समोर उभी होती.

तिनं डबा खाली ठेवला. मला आनंद व्हायला हवा होता. पण डोक्यात एकच येत होतं, हे मला आठ वर्षांपूर्वीही जमलं असतं. कुणी सांगितलं नाही आणि मीही करून बघितलं नाही. त्या विचारानं मला तिथंच रडू आलं. आईला वाटलं, लागलं म्हणून रडते.

तेवढ्यात अप्पा आले आणि मला विहाराकडं न्यायला त्यांनी सायकल काढली; आईनं अडवलं नाही.

हॉलमध्ये आम्ही दहा-बारा जण असायचो. पेठ वडगावहून येणारी एक ऐकू न येणारी मुलगी होती, एका हातानं खेळणारा एक जण होता, आणि कॉलेजच्या संघातल्या चार मुली. त्यांची कॅप्टन पहिल्या दिवशी खाली बसली आणि जागची हललीच नाही. चेंडू हातभर अंतरावर पडला तरी तिला पोचता येईना. "ह्ये कसं करतीस गं तू?" तिनं मला विचारलं. आजवर मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी तिला हात कुठं टेकायचा ते दाखवलं. अर्ध्या तासानं ती म्हणाली, "मला आता उठून पळावंसं वाटायला लागलंय." सगळे हसले. मी हसले नाही. ते वाटणं मला चांगलं ठाऊक होतं. फरक एवढाच की तिला उठता येत होतं.

रविवारी दोन तास मिळायचे. बाकीचे दिवस पूर्वीसारखेच गजांमागं जायचे, उलट जास्त जड. आई एकटीला खाली जाऊ द्यायची नाही. रविवारीसुद्धा अप्पा सोबत असले तरच.

वर्षभरानं कोल्हापुरात एका संस्थेनं आमचा सामना ठेवला, आमच्यातच दोन बाजू करून. मोठा हॉल, बाहेर मांडव. आई पहिल्यांदाच आली. पोचल्या पोचल्या चार कार्यकर्त्यांनी, न विचारता, आम्हाला उचलून स्टेजवर नेऊन बसवलं. कॉलेजच्या मुलींना मात्र खाली प्रेक्षकांत बसवलं. पाहुणे दीड तास उशिरा आले. मग हार, मग भाषणं. एका पाहुण्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून माइकमध्ये सांगितलं की या लेकरांकडं बघून डोळ्यांत पाणी येतं. मी एकवीस वर्षांची होते. समोर खाली नेट बांधलेलं दिसत होतं आणि उतरायला कुणाला सांगावं ते कळत नव्हतं. आभार सुरू झाले तेव्हा मांडववाला खुर्च्या गोळा करायला लागला. बाई आयोजकांशी वाद घालत होत्या. ते घड्याळ दाखवत होते.

मी स्टेजच्या कडेला सरकले. हार काढून बाजूला ठेवला. लाकडी पायऱ्या होत्या, खिळे वर आलेले. त्यावरून बसत बसत उतरले. सलवार मागं टरकन फाटली ते कळलं, पण तशीच हॉलभर सरकत नेटपाशी गेले. कॅप्टन धावत आली आणि नेटच्या पलीकडं खाली बसली. हळूहळू बाकीचे आले. एकच गेम झाला. निम्मे लोक निघून गेले होते आणि माझी बाजू हरली.

परतताना जीपमध्ये आईनं पदर माझ्या पाठीमागं धरला होता, फाटलेलं झाकायला. मला वाटलं, आता संपलं. मग फाटलेलं कापड चाचपून ती म्हणाली, "ह्या कापडाला टिकाव न्हाय. अप्पांच्या जुन्या पँटीचं ठिगळ लावते, दुहेरी."

बाईंची बदली पुढच्या वर्षी झाली. त्यांच्यानंतर हॉलची किल्ली कोण मागणार यावरून दोन महिने गेले, आणि मग कुणी मागितलीच नाही. कॅप्टनचं लग्न झालं. बसून खेळायचा व्हॉलीबॉल मी त्यानंतर खेळले नाही. कुणी दुसरं सुरू केल्याचं ऐकलंही नाही. अप्पा निवृत्त होईपर्यंत आणखी सहा वर्षं आम्ही त्याच दुसऱ्या मजल्यावर होतो.

पण रोज चार वाजता, पाळीचा भोंगा झाला की, मी एकटी जिना उतरून खाली जायचे. आईनं त्याला हो कधी म्हटलं नाही. साडेतीनला ती केरसुणी घ्यायची आणि वरपासून खालपर्यंत दोन्ही मजल्यांचा जिना झाडून काढायची. शेजारणीनं विचारलं तर म्हणायची, "लई धूळ हाय हिकडं."