हिरव्या साडीचं शीड

कार्डिफच्या आमच्या गल्लीत ज्ञानूभाऊंसारखा माणूस दुसरा नाही, हे मी छातीठोक सांगतो. इस्पितळात रुग्णांच्या खाटा ढकलत निवृत्त झाले आणि दोन हजार सहाचा सगळा हिवाळा गॅरेजमध्ये प्लायवूड वाकवत बसले. डॅफोडिल फुलली तेव्हा आतून ट्रेलर बाहेर आला. थेंबासारखा, पुढे फुगीर, मागे निमुळता. पोटात दोघांपुरती गादी. शेपटीकडचं मोठं गोलसर झाकण वर उचललं की खाली स्वयंपाकघर.

अरुणावहिनी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "अहो, ही कणगी आडवी का पडलीय?"

पण ग्लासगोला त्याच कणगीतून जायचं ठरलं. लेक तनया तिथे डॉक्टर, तिला सातवा महिना. वहिनींना तिचं डोहाळजेवण करायचं होतं, आणि तेही नावेतलं. फुलांनी सजवलेल्या नावेत हिरवी साडी नेसवून लेकीला बसवायचं. त्यांच्या स्वतःच्या वेळी या देशात ओटी भरायलाही कोणी नव्हतं; त्या दिवशी त्यांनी पावाला जॅम लावून खाल्ला होता. तनयाच्या वाट्याला तसा दिवस येता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणून ज्ञानूभाऊंनी पुठ्ठ्याची नाव केली, सोनेरी रंगवली आणि ट्रेलरच्या टपावर बांधली.

पुठ्ठ्याची नाव. टपावर. ब्रिटनमध्ये!

वाटेत तळ्यांच्या मुलखात, लेक डिस्ट्रिक्टला मुक्कामाला पोचेपर्यंत पावसाने तिचा लगदा झाला होता. वर नाव बांधताना मारलेल्या खिळ्यांच्या भोकांतून पाणी आत झिरपलं आणि हिरवी साडी चिंब झाली.

"नाव बुडाली ते बुडाली, साडीपण बुडवलीत!"

"अगं, वाळेल की. ऊन बघ कसं पडलंय."

खरंच, सकाळी तळ्यावर लख्ख ऊन होतं. वहिनींनी मागचं झाकण पूर्ण उघडलं, त्याच्या वरच्या कडेला साडी दोन टोकांनी घट्ट बांधली आणि खाली खिचडीचा कुकर लावला. आपल्या बाईला उंच काही दिसलं की वाळत घालायला सुचणारच. शेजारच्या तंबूतला केन नावाचा म्हातारा चहाचा मग घेऊन कौतुकाने बघत उभा राहिला.

कुकरची शिट्टी झाली आणि डोंगरावरून वारा सुटला. साडी फुगली, शीड व्हावी तशी. बिजागऱ्या कुरकुरल्या, स्क्रू टपाटप उडाले, आणि झाकण साडीसकट उताराने घसरत थेट तळ्यात गेलं. बदकं ओरडत पांगली. केनचा चहा सांडला.

"धरा! माझी साडी धरा!" वहिनी ओरडल्या.

ज्ञानूभाऊ पायजमा खोचून पाण्यात शिरले आणि गुडघाभर पाण्यात थबकले. झाकण उताणं पडून, कडा वर करून, डौलात डुलत होतं. वारा धरून साडी पुढे, झाकण मागे.

"अरुणा," ते अगदी हळू म्हणाले, "तरंगतंय गं."

वहिनी धापा टाकत काठावर आल्या. बघितलं. आधी कपाळावर हात मारला, मग हसू फुटलं ते आवरेना. हसत हसत चिखलात बसल्याच.

केनने चिकटपट्टी आणि ताडपत्री दिली; ट्रेलरची उघडी शेपटी बांधून झाली. बदल्यात त्याने दोनदा खिचडी घेतली. झाकण टपावर उताणं बांधलं, आणि मोटरवेवर प्रत्येक लॉरीवाला हॉर्न वाजवत गेला.

ग्लासगोत तनयाच्या हिरवळीवर झाकण ठेवलं, खाली डगमगू नये म्हणून उशा ठासल्या, कडेने झेंडूच्या माळा सोडल्या. साडी वाळली होती, पदराला तळ्याचा थोडा शेवाळी वास होता. तनया आत बसली. "बाबा, हा नाव एकदम खरा आहे!"

"खरी म्हणजे? पाण्यात चाचणी झालेली आहे!"

वहिनींनी ओटी भरली, तिला पहिला घास भरवला. मग नावेच्या कडेवरून हात फिरवत राहिल्या.

"आई, तुझं कधी झालंच नाही ना? ये."

"चल, काहीतरीच. या वयात!" म्हणाल्या, पण साडी सावरून एक पाय आत गेलासुद्धा होता. "सरक गं जरा."

झाकण करकरलं. मायलेकी एकमेकींना धरून किंचाळल्या. ज्ञानूभाऊंनी स्वयंपाकघरातून मोठा झारा आणला, काठाशी मांडी घातली आणि हिरवळीवर वल्हवायला लागले.