मेणातला तुकडा

बाबांचा फोन आला तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते आणि मी ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधल्या आमच्या ऑफिसात बसले होते. "तू निघ आता," एवढंच ते म्हणाले. शिंदे की छावणीतल्या आमच्या घरी पोचले तेव्हा आत्याला बाहेरच्या खोलीत खाली घेतलं होतं आणि शेजारच्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी तिच्या पायांना हात लावला आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडला. त्या बायकांना वाटलं असेल, मुलीला तहान लागली. मला फक्त बघायचं होतं की दारातल्या कप्प्यातली प्लास्टिकची डबी जागेवर आहे ना. ती होती. डबीत बोटाच्या दोन पेरांएवढा मेणाचा ठोकळा होता आणि त्या मेणात आत्याच्या मेंदूतून काढलेल्या गाठीचा एक तुकडा. तो सरकारी संशोधनासाठी पोचता करायचा, हे तिने मला सोपवलेलं शेवटचं काम. ते माझ्याकडून झालं नाही. तिला जाऊन दोन महिने होत आले आणि तिच्याविषयी लिहायचं तर मला इथूनच सुरुवात करावी लागते.

कुमुदआत्या बाबांची थोरली बहीण. सरकारी कन्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिली. निवृत्तीनंतरही दौलतगंजातल्या चार-पाच मुली संध्याकाळी तिच्याकडे वह्या घेऊन यायच्या. त्यांच्याशी ती हिंदीत बोलायची आणि आमच्याशी तिच्या त्या मराठीत... "अगं, अलमारीची चाबी कुठे ठेवली, मला बिलकुल याद नाही." पुण्याचे नातेवाईक यावर हसायचे. ती त्यांना शांतपणे म्हणायची, "तुमची मराठी पुण्यात राहते, तिला काय कष्ट. आमची इथे नोकरी करून टिकली आहे." मी इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून मला मराठी पाढे येत नाहीत. याचं तिला खरं दुःख होतं. "सेव्हन्टीन फाइव्ज आर... एवढं म्हणेपर्यंत दुकानदार शटर ओढून घरी जाईल. सतरा पाचे पंच्याऐंशी. झालं." मी गप्प बसायचे. माझ्या गप्प बसण्याची घरात इतरांना काळजी वाटायची. तिला कधी वाटली नाही. "ती बोलत नाही, पण बघते सगळं," असं ती पाहुण्यांना सांगायची, जणू ती एखादी पदवी होती.

आजाराची सुरुवात एका वहीत झाली. एका मुलीचं बरोबर आलेलं उदाहरण तिने लाल शाईने खोडलं. "मॅम, ये तो सही है," मुलगी घाबरत म्हणाली. आत्या हसली, "शाबास, पकड़ लिया मुझे," म्हणाली आणि मुली गेल्यावर कितीतरी वेळ ती वही पुढ्यात घेऊन बसून राहिली. मी दारातून पाहत होते. पुढच्या आठवड्यात हाच प्रकार पुन्हा झाला, मग स्कॅन झालं, मग दिल्लीला शस्त्रक्रिया. गाठ पुन्हा वाढणाऱ्या जातीची आहे, हे डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं. आत्याने ते बाबांच्या चेहऱ्यावरून वाचलं. घरी सोडताना कागदांबरोबर तो मेणाचा ठोकळाही, त्यांच्या भाषेत 'ब्लॉक', आमच्या हातात दिला. पुढे दुसऱ्या कुणाला दाखवायचं असलं तर लागतो, म्हणे.

त्यानंतर काही दिवसांनी तिने वर्तमानपत्रातली एक बातमी कापून माझ्यापुढे ठेवली. मेंदूच्या गाठींवरच्या संशोधनाला राज्य सरकार आधार देणार होतं. निरनिराळ्या शहरांतली वैद्यकीय महाविद्यालयं एकमेकांना जोडायची, सगळ्या रुग्णांची एकच नोंदवही ठेवायची आणि गाठींचे नमुने एका जागी, एकाच पद्धतीने जपायचे, अशी योजना होती. घरात नमुना असेल तर कुटुंबांनी कळवावं, असंही खाली लिहिलं होतं. मी वाचून कागद परत दिला.

"आत्या, याला वर्षं लागतील. तुझ्यासाठी यात काही नाही."

"माझ्यासाठी कोण म्हणतंय? ग्वाल्हेरचा माणूस दिल्लीला जातो, जबलपूरचा नागपूरला, इंदूरचा मुंबईला. जो तो आपली फाइल काखेत मारून फिरतो आणि फाइल घरी ठेवून मरतो. एका उदाहरणावरून कुणी नियम काढतं का? जन्मभर मी मुलींना तेच सांगत आले. मग माझं उदाहरण मी घरात का ठेवू?"

संमतीचा अर्ज हिंदीत होता. तिने तो दोनदा वाचला, एका जागी व्याकरणाची चूक दुरुस्त केली आणि मग सही केली. इथल्या मोठ्या रुग्णालयातल्या एका लहानशा खोलीत मी तो नेऊन दिला. तिथल्या माणसाने शिक्का मारला. "ब्लॉक घर पर ही रखिए, टीम आएगी, ले जाएगी." "कब तक?" मी विचारलं. "आएगी मैडम, आएगी."

मे महिना होता. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात मेणाचं काय होणार, या काळजीने आत्याने डबी फ्रिजमध्ये ठेवायला लावली, दारातल्या अंड्यांच्या कप्प्यात. आमच्याकडे अंडी येत नाहीत, त्यामुळे तो कप्पा इतकी वर्षं रिकामाच होता. "चला, त्या खड्ड्यांचं सार्थक झालं," आत्या म्हणाली. डबीवर तिने लाल पेनाने चिठ्ठी चिकटवली, 'सरकारी काम. हात लावू नये.' बाबांना हे सहन होत नव्हतं. दूध काढताना ते मान फिरवून फ्रिज उघडायचे.

टीम आली नाही. मी त्या खोलीकडे तीनदा गेले. दोनदा कुलूप होतं. तिसऱ्यांदा आत एक कारकून होता, तो म्हणाला, "अभी ऊपर से आदेश नहीं आया." मी "ठीक है" म्हटलं आणि परत आले. दुसरी एखादी मुलगी तिथे खुर्ची ओढून बसली असती, साहेबांचं नाव विचारलं असतं, आवाज चढवला असता. मला ते जमत नाही. मी घरी येऊन खूप नीट, सभ्य भाषेत एक इंग्रजी ईमेल लिहिला. मग आणखी एक लिहिला. उत्तर आलं नाही. आत्याने मला कधी बोल लावला नाही. "सरकार म्हणजे मागच्या बाकावरची मुलगी," ती म्हणायची, "डोकं असतं, पण वही आणत नाही."

पावसाळ्यानंतर तिचे शब्द जाऊ लागले. आधी वस्तूंची नावं गेली, मग माणसांची. बाबांकडे ती नुसतं बघायची आणि बाबा खोलीबाहेर जायचे. आकडे मात्र राहिले. दुपारी पडल्या पडल्या ती पाढे म्हणायची, स्वच्छ, शाळेतल्यासारखे. मध्येच थांबायची... "सतरा साते..." आणि माझ्याकडे पाहायची, की पुढचं तू म्हण. मला मराठीत येत नव्हतं. मी हळूच "वन नाइन्टीन" म्हणायचे. ती डोळे मिटून घ्यायची. उत्तर बरोबर होतं, पण ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. जाण्याच्या चार दिवस आधी तिने स्वयंपाकघराच्या दिशेने हात केला आणि विचारलं, "आले?" तिच्या तोंडून मी ऐकलेला हा शेवटचा शब्द. मी म्हटलं, "उद्या येणार आहेत."

अस्थी घेऊन आम्ही प्रयागला गेलो, बाबा आणि मी. होडीत आम्ही दोघं, एक गुरुजी आणि नावाडी. मंत्र झाले, बाबांनी लाल फडकं सोडून कलश पाण्यात रिकामा केला. मग त्यांनी पिशवीतून रुमालाची एक पुरचुंडी काढली. रुमालात डबी होती. निघताना त्यांनी ती फ्रिजमधून कधी उचलली, मला कळलंही नव्हतं. "यह क्या है?" गुरुजींनी विचारलं. "उन्हीं का है," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताईचं काही मागे राहायला नको गं. महिनोन्महिने तिला त्या थंडीत ठेवलंय आपण."

ते माझ्याकडे पाहत थांबले होते. घाईत नव्हते. "बाबा, ते द्यायचंय," एवढं म्हटलं असतं तर त्यांनी डबी माझ्या हातात ठेवली असती, हे मला पक्कं माहीत आहे. मला ते कुलूप आठवलं. कुणी येणार नाही, असं वाटलं. बाबांचा चेहरा पाहवत नव्हता, हेही खरं. आणि जे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही तेही खरं... मला थोडं सुटल्यासारखं वाटलं. मी मान हलवली. बाबांनी डबी उघडून ठोकळा पाण्यात सोडला. मेणच ते, लगेच बुडालं नाही. होडीला लागून तरंगत राहिलं, वरचा छापील नंबर वाचता येईल इतकं जवळ. हात लांब केला असता तर मिळालं असतं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. मग एक लाट आली.

गेल्या आठवड्यात फोन आला. एका बाईंचा आवाज, भोपाळहून. योजनेचं काम सुरू झालंय, गुरुवारी नमुना घ्यायला येतो, घरी कुणी आहे ना? मी "जी" म्हटलं. नमुना आता नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

गुरुवारी त्या आल्या. पन्नाशीच्या, दमलेल्या, खांद्याला निळी थंड पेटी. पाणी प्यायल्या, पेटी उघडली आणि एक छोटी पारदर्शक पिशवी काढली. पिशवीवर आत्याचं नाव आणि क्रमांक आधीच छापलेला होता. तेव्हा मी सांगितलं. सगळं नाही, नमुना नदीत सोडला एवढंच. त्यांनी पिशवी परत पेटीत ठेवली.

"आज चौथा घर है," त्या म्हणाल्या. "एक के यहाँ सफ़ाई में फिंक गया. दो घरों में मरीज़ के साथ ही चला गया. अब आपके यहाँ... आपकी क्या ग़लती, देर हमसे हुई."

चूक माझी होती. "नंबर काट देंगी?" मी विचारलं.

"नंबर नहीं कटता. एक बार जिसका हो गया, उसी का रहता है."

त्यांनी नोंदवही माझ्याकडे वळवली. आत्याची एक संपूर्ण ओळ होती. नाव, वय, व्यवसाय 'शिक्षिका', संमती 'हाँ'. पुढच्या रकान्यात त्यांनी 'नमूना अप्राप्त' असं लिहिलं. त्यापुढे तपासण्यांचे रकाने पानाच्या कडेपर्यंत गेले होते. त्यांत कधीच काही लिहिलं जाणार नाही आणि ती ओळ दुसऱ्या कुणाला मिळणारही नाही. आत्या आता तिथे आहे. तिला जिथे जायचं होतं तिथेच, इतरांच्या रांगेत, पण काहीही न सांगता.

"यहाँ," बाईंनी बोट ठेवलं. मी सही केली.

त्या गेल्यावर बाबा आतून बाहेर आले. "काय घेऊन गेल्या त्या?" त्यांनी विचारलं.

"माझी सही," मी म्हटलं.